आधी हकीकत, मग वायर

गेल्या महिन्यात माझ्या दुकानाची एका बाजूची पत्र्याची भिंत काढली. धारूरच्या बसस्टँडजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे; लोकांचे ऑनलाइन फॉर्मही मी भरून देते. जागा पुरेना, म्हणून शेजारचा रिकामा पडलेला गाळा घेतला. पत्रा उचकटायला आलेल्या माणसाने पलीकडची बाजू उजेडात धरली आणि म्हणाला, "ताई, हे काय लिहिलंय समदं? रंग मारून टाकू का?"

पत्र्यावर ऑइल पेंटने ठळक लिहिलं होतं. लाल – बॅटरी. पिवळी – चावी. काळी – अर्थ. त्याखाली कुठल्या कुठल्या गाड्यांच्या नोंदी. 'डावीकडं वळली की गाणं बदलतं. मानेत वायर चेपली.' 'पावसात आवाज आपोआप वाढतो. बटणात पाणी.' आणि एके ठिकाणी, 'दोष न्हाई. मालकाला बटण दाबता येत न्हाई.'

मी म्हटलं, "राहू दे बाबा, तसाच ठेव."

ते अक्षर भानुदास मिस्तरींचं. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो. त्यांच्या गाळ्यावर 'मंगल ऑटो इलेक्ट्रिक' अशी पाटी होती. मंगल म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, लग्न होऊन पालीला दिलेली. अण्णांची बायको मी दुकान घ्यायच्या आधीच गेली होती. त्यापलीकडे त्यांच्याबद्दल मला फार माहिती नव्हती आणि त्यांनी कधी सांगितलीही नाही. पण पत्र्याच्या एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला ते, अशी आठ-नऊ वर्षं गेली. माणूस कळायला तेवढी पुरेशी होती, असं मला वाटायचं. ते खरं नव्हतं, हे पुढे कळलं.

अण्णांचं काम मोटारसायकलच्या वायरिंगचं. पण नाव झालं ते साउंडमुळे. मोटारसायकलला बाहेरून सेट बसवायचं खूळ आमच्याकडे आलं, तेव्हा जो तो डिक्कीत स्पीकर आणि सीटखाली ॲम्प टाकून हिंडायला लागला. हँडलला बटणं: आवाज वाढवा, कमी करा, गाणं पुढे, गाणं मागे. बसवून देणारे पुष्कळ होते. सहा महिन्यांनी ती बटणं वेड्यासारखी वागायला लागली की मात्र सगळे अण्णांकडे यायचे. तलवाड्याकडचेसुद्धा यायचे. तलवाडा माझं माहेर, त्यामुळे तिकडची गाडी दिसली की मी आपली उगाच विचारपूस करायची.

साउंडची दुकानं लांबून ऐकू येतात. अण्णांचं दुकान त्यातलं सगळ्यात शांत. स्वतःसाठी गाणं लावलेलं मी एकदाही ऐकलं नाही. वंगणाच्या धंद्यात असून अंगात पांढरा, लांब बाह्यांचा शर्ट, मनगटाशी गुंड्या लावलेल्या, आणि त्याच्यावर डाग म्हणून नाही. चिकटपट्टी कात्रीनेच कापायचे. कुणी दाताने तोडली तर त्याच्याकडे असं बघायचे की तो माणूस पट्टी खाली ठेवायचा. गाडी उघडी असताना चहा घ्यायचे नाहीत. मी कप पुढे केला तर म्हणायचे, "थांबा ताई, गाडी उघडी हाय." जसं काही एखाद्या माणसाचं पोट उघडून ठेवलंय.

आणि गिऱ्हाईक आलं की पहिलं वाक्य ठरलेलं. "बसा. तोंड माझ्याकडं करा. आधी हकीकत सांगा, वायरीचं मग बघू."

लोक वैतागायचे. "अण्णा, बटण चालंना एवढीच हकीकत हाय. तुमी खोलून बघा की."

"कवापासून चालंना? सकाळी का दुपारी? गाडी धुतलती का? हँडल सरळ असताना चालतं का वळल्यावर बिघडतं? एकच बटण बिघडलं का समदी?"

गिऱ्हाईक आठवायला लागायचं. आठवता आठवता त्याला अशा गोष्टी सुचायच्या, ज्या तो सांगायला आलेलाच नसायचा. अण्णा त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत ऐकायचे. एवढं मन लावून ऐकणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, असं मी घरी सांगितल्याचं आठवतं.

संग्राम त्यांच्याकडे पहिल्यांदा आला तो दिवस मला चांगला आठवतो. पंचक्रोशीतल्या एका पुढाऱ्याचा हा मुलगा. मोठी गाडी, दोन्ही बाजूंना डिक्क्या, चार स्पीकर. गाडी लावली आणि खाली उतरता उतरताच ओरडला, "अण्णा, हा सेट काढा अन् नाल्यात फेका!"

"फेकू. बसा. आधी हकीकत सांगा."

"कशाची हकीकत घेऊन बसलात? माझी इज्जत गेली राव."

हळूहळू हकीकत बाहेर आली. घाटाच्या पायथ्याच्या एका गावात त्यांच्या कार्यकर्त्याचा तरणा मुलगा अपघातात गेला होता. तिसऱ्या दिवशी वडलांच्या वतीने संग्राम भेटायला गेला. वाटेत गाणी चालू होती. घर जवळ आलं तसं त्याने आवाज कमी करायचं बटण दाबलं. आवाज वाढला. गाडी अंगणात वळवताना पुन्हा दाबलं, तर गाणं बदललं आणि वरातीतला बँजो सुरू झाला. अंगणात बायका रडत बसलेल्या, माणसं डोक्याला हात लावून बसलेली, आणि त्यांच्या मधोमध हा. घाबरून जे सापडेल ते बटण दाबत गेला, तसा बँजो चढत गेला. शेवटी चावी काढली तेव्हा अंगणात कुणीही रडत नव्हतं. सगळे त्याच्याकडे बघत होते.

"गाडी कवा धुतलती?" अण्णांनी विचारलं.

"त्याच सकाळी. सर्व्हिसिंगला नेऊन प्रेशरनं धुतली. तिथं जायचं म्हणून."

"अन् बँजो वाजला तवा हँडल कुणीकडं व्हतं?"

संग्रामने हवेतच हात वळवून बघितले. "डावीकडं. अंगणात वळत व्हतो ना."

अण्णांनी बटणाच्या डबीमागचा जोड सोडवला, मीटरच्या दोन सुया लावल्या आणि संग्रामलाच बटण दाबून धरायला सांगितलं. मग हँडल हळूहळू उजवीकडे नेलं. आकडा हलला नाही. डावीकडे नेलं तसा आकडा घसरला.

"बघा, बटणं हायत पाच, पर खाली जातात दोनच वायरी," अण्णा म्हणाले. "मग सेटला कसं कळतं कोणतं दाबलं? समजा, तुमच्या घराला एकच दार हाय. मामा आला की एक थाप देतो, काका आला की दुसरी. घरातली माणसं थापंवरून वळखतात. बटणाचं तसंच हाय, परत्येकाचा अडथळा निराळा. दारात पाणी मुरलं, लाकूड फुगलं, की थाप बदलती. येतो काका, अन् घरातले म्हणतात मामा आला."

टाकीच्या पुढे, हँडलच्या मानेपाशी त्यांनी पट्टी सोडली. वायर तिथे चेपून सोलली होती, आतलं तांबं हिरवं पडलं होतं. धुताना डबीत पाणी शिरलं होतं ते वेगळंच. डबी पेट्रोलने धुऊन वाळत ठेवली, वायरीचा खराब तुकडा काढून नवा जोडला, आणि ती मानेपाशी बोटभर सैल सोडून बांधली.

"बसवणारानं ताणून बांधलती. ताणून बांधलेली वायर दिसाया लई सुरेख दिसती, पर हँडलाला वळाया जागा ऱ्हात न्हाई."

संग्रामने बटणं दाबून बघितली. सगळी ठीक. तो खूश होऊन निघाला, तेव्हा अण्णांनी त्याच्या गाडीच्या हँडलवर हात ठेवला.

"वायरीचं माझ्याकडं व्हतं, ते झालं. त्या घरचं तुमच्याकडं हाय."

"म्हंजी?"

"जाऊन या. गाडी गावाच्या तोंडाला लावा अन् पायी जावा."

"अण्णा, कोणत्या तोंडानं जाऊ?"

"हेच हाय की एक. दुसरं कुठून आणता?"

संग्राम गाडी घेऊन गेला. पुढाऱ्याच्या मुलाला असं बोलल्याबद्दल मला जरा काळजीच वाटली. पण आठवड्याभराने तो माझ्याकडे कसलासा दाखला काढायला आला, आणि कागद मशीनमधून येईपर्यंत स्वतःहूनच सांगायला लागला. "गेलतो ताई त्या घरी. पायी गेलतो. त्याच्या आईच्या पाया पडलो. म्हणलं, माफ करा, बटण खराब व्हतं. तर ती म्हातारी काय म्हणली माहीत हाय का? म्हणली, लेकरा, माझ्या पोराला बँजो लई आवडायचा. दोन दिस समदे नुसते रडूलालते. तू वाजवून गेलास, बरं झालं."

एवढं बोलून तो कागद न घेताच बाहेर गेला. मग परत आला आणि घेऊन गेला.

त्यानंतर साधारण वर्षाने सोपान आला. सोपान आडसपासून इकडे धारूरपर्यंतच्या खेड्यांत मोटारसायकलवर खारी-टोस्ट विकायचा. मागे पत्र्याची पेटी, पुढे भोंगा. "खारीऽऽ, टोस्टऽऽ, बटरवालाऽऽ" ही त्याची हाळी सगळ्यांच्या ओळखीची. शेवटचा 'वाला' तो असा काही वर न्यायचा की पोरं त्याची नक्कल करत गल्लीभर पळायची. घसा दुखू नये म्हणून त्याने ती हाळी एका मेमरी कार्डात भरून घेतली होती. हँडलवरचं बटण दाबलं की भोंग्यातून वाजायची. मग घशातच गाठ निघाली. तंबाखूची. ऑपरेशन झालं, सोपान वाचला, पण आवाज गेला तो गेलाच. त्या कार्डातली हाळी एवढाच त्याचा आवाज उरला.

तो आला तेव्हा मी दुकानाच्या पायरीवर उभी होते. अण्णा सवयीने म्हणाले, "बसा. तोंड माझ्याकडं करा. आधी हकीकत..." आणि थांबले. सोपानने गळ्याला गुंडाळलेला पंचा जरा खाली केला. अण्णांनी मान हलवली आणि त्याच्या समोर उकिडवे बसले.

पुढचा अर्धा तास त्या दोघांचं जे चाललं, ते मी कामधाम सोडून बघत राहिले. सोपान हाताने दाखवायचा, ओठ हलवायचा, मध्येच जमिनीवर बोटाने काहीतरी काढायचा. अण्णा नुसते ओठांकडे बघून विचारायचे, "अंगठा काढला तरी बटण वर येत न्हाई? चिकटतं?" सोपान जोरजोरात मान हलवायचा. "अन् सेटच्या काचेवर काय अक्षरं येतात?" सोपानने धुळीत इंग्रजी अक्षरं काढली, जशी दिसली होती तशी, चित्रासारखी. अण्णांनी मला बोलावलं. "ताई, हे वाचा."

मी वाचलं. सेट त्याला विचारत होता, की ही फाईल पुसून टाकू का.

अण्णा उठले. बटणाला हातसुद्धा न लावता आधी बॅटरीची वायर सोडली, सेटमधून ते नखाएवढं कार्ड काढलं आणि तळहातावर घेऊन माझ्याकडे आले. "बटण दाबून धरलं की पुसायचा हुकूम जातो, अन् ह्याचं बटण तर चिकटूनच बसतंय. पहिलं हे तुमच्या कम्प्युटरात उतरवून घ्या. गाडीचं नंतर."

मी कार्ड रीडरमध्ये घातलं. फाईल दिसली. उतरवून घेतली. नीट उतरली का बघावं म्हणून वाजवली, आणि माझ्या त्या एवढ्याशा दुकानात सोपानची हाळी घुमली. "खारीऽऽ, टोस्टऽऽ, बटरवालाऽऽ."

सोपान धावत आला आणि काउंटरपाशी थबकला. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि ऐकत उभा राहिला. थांबलं की बोटाने खूण करायचा, अजून एकदा. मी चार-पाच वेळा वाजवलं.

तेवढ्यात अण्णांनी पत्र्याच्या कडेने डोकावून विचारलं, "ताई, आलं का उतरून?"

मला आश्चर्य वाटलं. "अण्णा, एवढं वाजतंय, ऐकू आलं नाही का?"

"कामात व्हतो," ते म्हणाले आणि मागे वळले.

सोपानच्या बटणात टोस्टचं तूप आणि रस्त्याची धूळ यांचा लगदा साचला होता. अण्णांनी ती डबीच काढून टाकली. "तुला पाच बटणं काय करायची हायत? तुला एकच पायजे," असं म्हणत हॉर्नसारखं एक मोठं, टणक बटण बसवलं आणि ते असं जोडलं की त्यातून वाजवण्यापलीकडे दुसरा कुठला हुकूमच जाणार नाही. मी तीच हाळी आणखी दोन कार्डांत भरून दिली. एक त्याने घरी देव्हाऱ्यात ठेवलं, असं पुढे कुणीतरी सांगितलं.

अण्णांची खरी गोष्ट मला कळली ती त्याच उन्हाळ्यात. दुपारची वेळ, बाजारपेठ अर्धी झोपलेली. पत्र्याच्या फटीतून मला जळका वास आला, मग धूर दिसला. फटीतून बघितलं तर अण्णांच्या टेबलावर डाग द्यायचं गरम हत्यार घरंगळून चिंध्यांवर पडलेलं आणि चिंध्यांनी पेट घेतलेला. अण्णा टेबलाकडे पाठ करून एक बोल्ट पॉलिश पेपरने घासत बसलेले. ज्योतीपासून वीतभर अंतरावर पेट्रोलची बाटली.

"अण्णा!" मी ओरडले. "अण्णा, आग! मागं बघा!"

ते घासत राहिले. मी पुन्हा ओरडले, घसा फाटेपर्यंत. रस्त्यापलीकडचा चहावाला उठून बघायला लागला, पण चार हातांवर बसलेले अण्णा हलेनात. मी दोन्ही हातांनी पत्रा बडवला. पहिल्या दणक्यालाच ते गर्रकन वळले. बाटली उचलून बाहेर ठेवली, ओलं पोतं टाकून आग विझवली. सगळं मिनिटभरात झालं.

मी त्यांच्या गाळ्यात जाऊन उभी राहिले. ते माझ्याकडे बघेनात. मग स्टुलावर बसून म्हणाले, "पत्रा पायाला लागून हाय. तो थरथरला म्हणून कळलं."

"कधीपासून अण्णा?"

"डावा कान पहिल्यापासनंच कच्चा व्हता. तरणेपणी प्रचाराच्या जीपवर साउंड लावायचो, भोंग्याच्या खाली बसून गावोगाव हिंडायचो. पंधरा वर्सं. उजवा दोन वर्सांखाली गेला. आता कुणी कानाशी येऊन ओरडलं तर गुणगुण येते, बाकी काय न्हाई."

मला एकदम सगळं दिसलं. तोंड माझ्याकडं करा. टक लावून बघणं. न बोलणाऱ्या सोपानशी झालेलं ते सुरळीत बोलणं. मी म्हटलं, "म्हणजे ते हकीकत सांगा म्हणता, ते..."

"मग काय करू? आवाज कसा येतोय ते मला कळत न्हाई. गिऱ्हाइकालाच इचारावं लागतं." मग जरा हसले. "सुरुवातीला लबाडी म्हणूनच करायचो. पर हळूहळू ध्यानात आलं ताई, मला ऐकू यायचं तवा मी कुणाचं ऐकूनच घेत नव्हतो. धाडकन गाडी खोलायचो. निम्म्या वेळंला चुकायचो."

"मंगलला सांगितलंय?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. "ती इथं ऱ्हाऊ द्यायची न्हाई. दर सणाला म्हणती, चला पालीला. घरात बसलो की चार दिसांत कळंल तिला. इथं गाड्या हायत, हात चालू हायत. कुणाला बोलू नका. आवाजाचा मिस्तरी बहिरा म्हणल्यावर गाडी कोण आणंल?"

मी कुणाला बोलले नाही. आमच्यात एक रीत ठरली. मी पत्र्यावर एक थाप दिली की गिऱ्हाईक आलंय. दोन दिल्या की सेट वाजतोय. तीन दिल्या की फार मोठा झालाय, कमी करा. अण्णा काम करताना एक पाय पत्र्याला टेकवून बसायचे. गिऱ्हाइकांना ती त्यांची बसायची ढब वाटायची. पुढच्या दीड वर्षात मी माहेरीसुद्धा फारशी गेले नाही. कुणी विचारलं तर दुकानाचं कारण सांगायचे, आणि ते खोटंही नव्हतं.

मग तो दिवस आला. पीक विम्याची शेवटची तारीख होती आणि साइट चालत नव्हती. माझ्या दुकानात उभं राहायला जागा नव्हती, शेतकरी रस्त्यापर्यंत उभे होते. पलीकडे एक तरणा पोरगा नवाकोरा सेट घेऊन आला होता. त्याची तक्रार निराळी होती: बटणं चांगली, गाणं चांगलं, पण मागून बारीक घुईऽऽ असा आवाज यायचा.

"आवाज कसा हाय, सांगा," अण्णा म्हणाले.

"सांगायचं काय? तुमीच ऐका की."

"तुमी सांगा."

पोरगा हुशार होता. त्याला कसली शंका आली कोण जाणे. त्याने हँडलवरचं बटण दाबलं आणि विचारलं, "बरं, आता वाजतंय का बंद हाय?"

मला हे ऐकू येत होतं. माझा एक हात कीबोर्डवर होता आणि समोर एक बाई आधार कार्ड नाचवत होती. पत्रा माझ्यापासून दोन पावलांवर होता. मधे सात-आठ माणसं. मी पोहोचायच्या आत अण्णा म्हणाले, "वाजतंय."

सेट बंद होता.

पोरगा मोठ्याने हसला. "अबे, मिस्तरी बहिरा हाय बे! बहिऱ्याकडं साउंड दुरुस्त करायला आलो मी!" रांगेतले काही जण हसले. हसताना माणसाचं तोंड कसं होतं, ते कळायला कान लागत नाहीत. अण्णांना ते दिसलं.

मी बाहेर आले. अण्णांनी हातातला पेचकस खाली ठेवला. मनगटाच्या गुंड्या लावलेल्याच होत्या, तरी एकदा चाचपल्या. मग रांगेकडे तोंड करून, जरुरीपेक्षा जरा मोठ्या आवाजात म्हणाले, "बरोबर हाय. मला ऐकू येत न्हाई. तीन-साडेतीन वर्सं झाली. ह्या काळात ज्यांच्या गाड्या मी केल्या, ते इथं असतील तर सांगा, कुणाची परत आली?"

रांगेतल्या दोघा-तिघांनी नाही म्हणून माना हलवल्या. ते पोराकडे वळले. "बसा. गाडी रेस केली की तुमची घुई वाढते का?"

पोराचं हसू उतरलं होतं. "हां. वाढती."

"मग ती गाण्यातली न्हाई, चार्जिंगची हाय. बसवणारानं ॲम्पचा अर्थ, अर्थिंगची वायर, कुठं दिलाय बघू." सीट काढली. काळी वायर रंग दिलेल्या एका बोल्टखाली दाबलेली होती. "रंगावर अर्थ लागत न्हाई. अर्थ लागला न्हाई की नुसतीच घुई येते." त्यांनी ती वायर तिथून काढली आणि थेट बॅटरीला नेऊन जोडली. "आता रेस करा अन् तुमीच सांगा."

पोराने रेस केली. आम्ही सगळ्यांनी ऐकलं. गाणं होतं, घुई नव्हती. तो खाली मान घालून म्हणाला, "गेली."

"काय?" अण्णा म्हणाले. "तोंड वर करून सांगा."

पोराने मान वर केली. "गेली, अण्णा. चुकलं माझं."

गाड्या यायच्या बंद झाल्या नाहीत. अण्णांना जी भीती होती ती खोटी ठरली. झालं ते वेगळंच. लोक त्यांच्याशी ओरडून बोलायला लागले. एकेक शब्द तोडून, हातवारे करून, लहान पोराशी बोलावं तसं. दुकानात आल्या आल्या "कसं हाय अण्णा, लई त्रास होतोय का?" म्हणायला लागले. गाडीची हकीकत कुणी सांगेना. त्यांचीच विचारायला लागले. संग्रामने चांगल्या मनानेच मशीन आणून दिलं, कानात घालायचं. अण्णांनी दोन दिवस घातलं आणि काढून ठेवलं. "लई गलबला हाय ताई," म्हणाले. "समदंच मोठ्यानं येतं. कामाचं कोणतं, कळत न्हाई."

मी त्यांना एकदा म्हटलं, "त्या दिवशी मी पत्र्यापर्यंत पोचले असते तर..."

"तुमच्यापुढं रांग व्हती," ते म्हणाले. "अन् किती दिस थापा मारणार व्हता? तुमाला माहेर हाय, घर हाय." मी माहेरी का जात नाही ते त्यांना ठाऊक होतं, हे मला तेव्हा कळलं.

मंगलला कुणीतरी सांगितलंच. ती आली तेव्हा मला वाटलं भांडण होईल. ती स्टुलावर अण्णांच्या समोर बसली आणि आवाज न काढता, फक्त ओठ हलवून कितीतरी वेळ बोलत राहिली. काय बोलली ते मला कळलं नाही. अण्णांना सगळं कळत होतं. शेवटी ते उठले आणि उघड्या असलेल्या एका गाडीकडे बोट दाखवून म्हणाले, "ही बंद करतो, मग निघू." दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ती गाडी पुरी केली, चहा घेतला, आणि गेले.

त्यानंतर ते मला एकदाच दिसले. मागच्या हिवाळ्यात बीडला काम होतं. एसटी पालीच्या थांब्यावर उभी होती, मी खिडकीत. धरणाकडच्या रस्त्याने एक स्कूटी आली आणि वळणावर थांबली. पुढे मंगल, मागे अण्णा. मांडीवर मेथीच्या जुड्यांचं गाठोडं, डोक्यावर मोठं होणारं हेल्मेट, आणि तोच पांढरा शर्ट. मी "अण्णा!" म्हणून हाक मारली. एसटीतली माणसं माझ्याकडे वळून बघायला लागली तेव्हा हाक मारून उपयोग नाही हे लक्षात आलं, तरी आणखी एकदा मारली.

मंगल काहीतरी सांगत होती, अखंड. मला आधी कळेना, मागे बसलेल्या बहिऱ्या माणसाशी ही पाठ करून काय बोलतेय. मग बघितलं, तर स्कूटीचा डावा आरसा रस्त्याकडे नव्हताच. तो आत वळवून तिच्या तोंडासमोर आणला होता. ती आरशात बघून बोलत होती, आणि अण्णा तिच्या खांद्यावरून जरासे पुढे झुकून, त्या आरशाकडे टक लावून ऐकत होते. तिने काहीतरी सांगितलं आणि ते हसले, एवढे मोठ्याने की मला एसटीत ऐकू आलं.

आमची गाडी सुटली.